फिरत्या गाडीसाठी टीव्हीची छत्री कोणती घ्यावी? सीमाभागातील प्रवाशांचे नेहमीचे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात टेम्पो ट्रॅव्हलरची घरगाडी करून घेणारी कुटुंबे आता दिसू लागली आहेत. दिंडीचा ट्रक, सौंदत्तीच्या यल्लमाला किंवा चिंचलीच्या मायाक्काला मुक्कामाने जाणारी गाडी, आई-वडिलांना घेऊन तिरुपती-काशी करणारी कॅरॅव्हॅन, या सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: संध्याकाळी मुक्कामाला टीव्ही लागला पाहिजे, आणि त्यावर मराठी दिसले पाहिजे. मी या भागात छत्र्या बसवण्याचे काम करतो. लोक जे विचारतात, त्याचीच उत्तरे इथे लिहिली आहेत.

गाडीच्या टपावर काडीचा अँटेना लावला तर काही दिसेल का?

आपल्या भागात नाही. काडीचा किंवा सांगाड्याचा अँटेना जमिनीवरच्या मनोऱ्यातून येणारे प्रक्षेपण पकडतो. दूरदर्शनने ते जुने अॅनालॉग मनोरे २०२२ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद केले, मोजके तेवढे ठेवले. २०१६ मध्ये काही शहरांत जमिनीवरून डिजिटल प्रक्षेपण सुरू झाले, त्यांत मुंबई, औरंगाबाद आणि बेंगळुरू होते. बेळगाव, हुबळी, कोल्हापूर नव्हते. शिवाय त्यासाठी टीव्हीत वेगळा ट्यूनर लागतो.

परदेशी कॅरॅव्हॅनच्या व्हिडिओत टपावर चपटा, गोल किंवा माशाच्या काट्यासारखा अँटेना दिसतो. तिकडे गावोगावी मनोऱ्यावरून डिजिटल चॅनेल मिळतात म्हणून तो चालतो. तो पाहून ऑनलाइन मागवलेले 'शंभर किलोमीटर रेंज'वाले अँटेने लोक माझ्याकडे घेऊन येतात. त्यात पैसे घालू नका. इथे लागते ती उपग्रहाची छत्री, म्हणजे डिश.

मग कोणती सेवा घ्यावी? फ्री डिश की महिन्याचा रिचार्ज?

फिरत्या गाडीसाठी माझे उत्तर डीडी फ्री डिश. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेली ही प्रसार भारतीची सेवा आहे. महिन्याचे पैसे नाहीत. बॉक्स आणि छत्री एकदा घेतली की झाले. वर्षात महिनाभरच गाडी बाहेर काढणाऱ्याने बाराही महिने रिचार्ज का भरावा?

त्यावर सह्याद्री आहे, कन्नडसाठी चंदना आहे, बातम्या आहेत, आकाशवाणीची केंद्रेही आहेत. आजीला पहाटे भक्तिगीते ऐकायची असतील तर टीव्हीचा पडदा बंद ठेवून नुसता आवाज लावता येतो. खासगी चॅनेल मात्र लिलावाने येतात-जातात, त्यामुळे मागच्या वर्षी दिसणारे चॅनेल यंदा असेलच असे नाही. प्रवासाला निघण्याआधी घरीच बॉक्स नव्याने स्कॅन करून घ्या. घेताना एमपीईजी-४ चालणारा बॉक्स घ्या. जुन्या एमपीईजी-२ बॉक्सवर काही चॅनेल येतच नाहीत.

आम्हाला ठरावीक मराठी मालिकाच हव्यात. मग?

मग खासगी सेवा घ्यावी लागेल, आणि इथे सीमाभागातल्या माणसाने जरा जागे राहावे. पत्ता कर्नाटकातला म्हणून विक्रेता सहसा कन्नड पॅक पुढे करतो. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमाने चॅनेल एकेक करून निवडण्याचा हक्क ग्राहकाला आहे. मराठी चॅनेल सुटी मागा, आणि ती लागली का हे दुकानातच पाहून घ्या. उपग्रहाला राज्याची सीमा नसते. जो सिग्नल कागलला उतरतो तोच निपाणीत उतरतो. अडचण असते ती पॅकची, छत्रीची नव्हे. 'कर्नाटकात मराठी येत नाही' असे कोणी सांगितले तर ऐकून गप्प बसू नका.

सगळ्या कंपन्यांची छत्री एकाच दिशेला असते ना?

नाही, आणि गाडीवाल्याच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. प्रत्येक सेवेचा उपग्रह आकाशात वेगळ्या रेखांशावर उभा आहे. फ्री डिश ९३.५ अंश पूर्वेवरच्या जीसॅट-१५ वर, टाटा प्ले ८३ वर, डी२एच ८८ वर, डिश टीव्ही ९५ वर, एअरटेल १०८.२ वर.

बेळगावातून पाहिले तर फ्री डिशचा उपग्रह आग्नेयेला, म्हणजे होकायंत्रावर सुमारे १२८ अंशांवर, आणि क्षितिजापासून ६१ अंश उंच दिसतो. टाटा प्लेसाठी दिशा १५१ अंश, उंची ६९. एअरटेलसाठी दिशा ११२ आणि उंची फक्त ४७. ही शेवटची गोष्ट झाडीत मुक्काम करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. उपग्रह जितका खाली, तितकी समोरची झाडे जास्त आड येतात. छत्रीच्या पातळीपासून १२ मीटर उंच असलेले झाड फ्री डिशसाठी सात मीटर लांब असले तरी चालते. एअरटेलसाठी ते बारा मीटरपेक्षा लांब हवे. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, लोंढ्याच्या जंगलात मुक्काम असेल तर एवढ्या अंतराने टीव्ही लागतो किंवा लागत नाही.

गाव बदलले की कोन बदलतो का?

बदलतो, पण घाबरण्याइतका नाही. फ्री डिशचे आकडे देतो, वहीत लिहून ठेवा. पंढरपूर: दिशा १३३, उंची ६१. शिर्डी: दिशा १३४-१३५, उंची ५८. तिरुपती: दिशा १३३, उंची ६७. काशी: दिशा १५७, उंची ५८. पंढरपूरपर्यंत बेळगावची उंची तशीच चालते, नुसती छत्री थोडी दक्षिणेकडे फिरवायची. तिरुपतीला सहा अंश वर करावी लागते. काशीला छत्री जवळजवळ दक्षिण-आग्नेयेला वळते, त्यामुळे आपल्या सवयीच्या दिशेला शोधत बसलात तर तासभर सापडणार नाही.

छत्री केवढी घ्यावी?

कोरड्या दिवसांत ६० सेंटीमीटर पुरते. पावसाळ्यात घाटाच्या बाजूला फिरणार असाल तर ७५ किंवा ९०. ९० च्या छत्रीचे क्षेत्रफळ ६० च्या सव्वादोन पट असते, तेवढा जास्त सिग्नल गोळा होतो आणि पावसात तो जादा साठा कामी येतो. फ्री डिशचे प्रक्षेपण केयू बँड नावाच्या लहरींच्या पट्ट्यावर येते, त्याला जोरदार पाऊस अडवतो. आंबोली, चोर्ला, अनमोड या पट्ट्यात आषाढात जो पाऊस कोसळतो, त्यात ६० ची छत्री वारंवार बंद पडणार. ९० ची कमी वेळा पडेल, पण ढगफुटीसारख्या सरीत तीही थांबेल. ते बिघाडाचे लक्षण नव्हे, सर ओसरली की चित्र परत येते.

मोठ्या छत्रीचा तोटा वारा. ताशी ५० किलोमीटरच्या वाऱ्यात ६० च्या छत्रीवर साधारण चार किलोचा रेटा बसतो, ९० च्या छत्रीवर नऊ किलोचा. हलक्या तिपाईवर ९० ठेवली आणि वाळूची पोती टाकली नाहीत तर ती आडवी होणारच.

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक कुटुंबांना मी ६० ची छत्री देतो, कारण बहुतेकांचे प्रवास दिवाळी ते मे या काळातले असतात.

टपावर पक्की बसवू का?

नको. मागणी सगळ्यांत जास्त याचीच असते आणि मी प्रत्येक वेळी नको म्हणतो.

छत्री टपावर असली की गाडीने सावली सोडायची. आपल्याकडे मुक्काम वडाखाली, चिंचेखाली, आंब्याच्या बागेत होतो. एप्रिल-मे महिन्यात गोकाक-सौंदत्तीच्या उन्हात टीव्हीसाठी गाडी उघड्यावर लावणे म्हणजे आत बसलेल्या म्हाताऱ्या माणसांचे हाल. छत्री जमिनीवर तिपाईवर असेल तर गाडी सावलीत, छत्री दहा-पंधरा मीटरवर उघड्यात.

दुसरे, गाडी हलते. ६० सेंटीमीटरच्या छत्रीचा झोत जेमतेम तीन अंशांचा असतो. मधल्या रेषेपासून दीड-दोन अंश सरकले की चित्र गेले. आत कोणी एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेले, मुले उड्या मारू लागली की स्प्रिंगवरची गाडी तेवढी सहज कलते.

तिसरे, धावत्या गाडीवर उभी राहिलेली छत्री वाऱ्याने वाकते, आणि एकदा वाकलेली छत्री ठोकून सरळ केली तरी पूर्वीसारखी गोळा करत नाही. झाडाच्या फांद्या आणि रस्ता ओलांडणाऱ्या विजेच्या तारा आहेतच. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत किंवा यात्रेच्या मैदानात तारा किती खाली लोंबतात हे सांगायला नको.

बाहेरून मिळणारी आपोआप फिरणारी घुमटाची छत्री कशी?

बटण दाबले की ती स्वतः उपग्रह शोधते, हे खरे आहे. म्हाताऱ्या किंवा एकट्या प्रवाशाला ती सोयीची वाटते. पण आत बसवलेली छत्री लहान असते, त्यामुळे पावसात आधी तीच हार मानते. किंमत साध्या छत्रीच्या कित्येक पट. आणि विकत घेण्याआधी एक गोष्ट लेखी विचाराच: तिच्या यादीत ९३.५ अंश पूर्व आहे का, नसेल तर घालता येतो का? युरोपातल्या उपग्रहांची यादी घेऊन आलेली छत्री इथे नुसती गोल फिरत राहते.

चालत्या गाडीत टीव्ही लागेल का?

साध्या छत्रीवर नाही. प्रवासात मुलांना काही दाखवायचे असेल तर पेन ड्राइव्हवर भरून घ्या, आणि पडदा चालकाच्या नजरेत येणार नाही असा लावा.

होकायंत्र नाही. दिशा कशी काढायची?

मोबाइलमधले होकायंत्र चालते, पण गाडीपासून दहा पावले लांब उभे राहून पाहा. गाडीच्या लोखंडाजवळ ते खोटे बोलते. मॅग्नेटवाले कव्हरही काढा.

डिसेंबरच्या उत्तरार्धात बेळगाव परिसरात असाल तर याहून सोपी खूण आहे. सकाळी सव्वानऊच्या सुमारास सूर्य बरोबर फ्री डिशच्या दिशेला असतो. त्या वेळी जमिनीवर रोवलेल्या काठीची सावली पाहा आणि छत्री सावलीच्या उलट बाजूला वळवा. फक्त दिशेसाठी हे धरायचे, उंचीसाठी नाही. तेव्हा सूर्य उपग्रहाच्या खूप खाली असतो. उन्हाळ्यात ही युक्ती चालत नाही, कारण मे महिन्यात सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेकडे सरकलेला असतो.

बॉक्स स्ट्रेंथ नव्वद दाखवूलाय, पण चित्र येईना. का?

सगळ्यांत जास्त फोन याच प्रश्नाचे येतात, म्हणून सविस्तर सांगतो. स्ट्रेंथ म्हणजे एलएनबीपासून, म्हणजे छत्रीच्या दांड्यावर बसणाऱ्या सिग्नल पकडणाऱ्या डब्यापासून, बॉक्सपर्यंत काहीतरी पोहोचतेय एवढेच. छत्री भलतीकडे असली तरी स्ट्रेंथ भरपूर दिसते. पाहायची ती क्वालिटी. क्वालिटी शून्य म्हणजे आपला उपग्रह मिळालेला नाही.

बहुतेक वेळा छत्री शेजाऱ्याकडे वळलेली असते. फ्री डिशच्या ९३.५ पासून डिश टीव्हीचा ९५ फक्त दीड अंश दूर आहे. सिग्नल मिळाला की वाजणारा स्वस्त पिपाणी मीटर कोणत्याही उपग्रहावर वाजतो, त्याला आपला-परका कळत नाही. मीटर वाजला म्हणून नट घट्ट करू नका, पडद्यावरची क्वालिटी पाहूनच करा.

क्रम असा ठेवा. तिपाईचा मधला पाइप आधी ओळंब्याने अगदी सरळ उभा करा. पाइप तिरका असेल तर छत्रीवरच्या अंशांच्या खुणांना अर्थ राहत नाही. मग उंची ६१ वर लावा आणि ती सोडून द्या. आता फक्त आडवी फिरवा, बोटभर सरकवायची आणि चार-पाच सेकंद थांबायचे. बॉक्सला सिग्नल धरायला वेळ लागतो. भरभर फिरवणारा माणूस उपग्रहावरून तीनदा पुढे जातो आणि त्याला पत्ता लागत नाही. एक बोट क्वालिटी आली की उंची जराशी वर-खाली करून वाढवा.

शेवटी एलएनबी. हा डबा आपल्या भागात सरळ उभा ठेवून चालत नाही. उपग्रह बराच पूर्वेला असल्यामुळे त्याला चांगलेच तिरके करावे लागते. क्लॅम्प थोडा सैल करून दोन्ही बाजूंना हळूहळू वळवा, क्वालिटी जिथे सर्वांत जास्त येईल तिथे घट्ट करा, आणि रंगाने खूण करून ठेवा. ही खूण केलेल्या माणसाचे पुढच्या मुक्कामाचे अर्धे काम वाचते. बॉक्सच्या सेटिंगमध्ये एलएनबी ९७५०/१०६०० असल्याचे एकदा पाहून घ्या.

छत्री तर जमिनीकडे बघतेय असे वाटते. ६१ अंश कुठे आहे?

या छत्र्या ऑफसेट असतात. एलएनबी मधोमध नसून खाली दांड्यावर असतो, त्यामुळे छत्रीचे तोंड खऱ्या दिशेपेक्षा वीस-पंचवीस अंश खाली असल्यासारखे दिसते. मागच्या क्लॅम्पवरच्या खुणांवर विश्वास ठेवा, डोळ्यांवर नको.

गाडीच्या बॅटरीवर किती वेळ चालेल?

१२ व्होल्टवर चालणारा २४ इंची टीव्ही साधारण ३० वॅट घेतो, बॉक्स आणि एलएनबी मिळून १० वॅट धरा. १०० अँपिअर-अवरची वेगळी बॅटरी असेल आणि ती निम्म्यापर्यंतच वापरायची ठरवले, तर हिशेबाने पंधरा तास येतात. जुनी बॅटरी असेल तर दहाच धरा. गाडी सुरू करायच्या बॅटरीवर टीव्ही लावू नका. चिंचलीच्या माळावर पहाटे धक्का मारायला माणसे शोधावी लागतील.

बॉक्स बारा व्होल्टचा असला तरी इंजिन सुरू असताना गाडीत चौदाच्या वर व्होल्टेज चढते, म्हणून मध्ये १२ व्होल्ट स्थिर देणारा कन्व्हर्टर आणि फ्यूज घाला. दिंडीच्या मोठ्या ट्रकमध्ये २४ व्होल्ट असतात. तिथे थेट जोडले तर बॉक्स त्याच क्षणी जळतो. २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर लागतोच. ट्रकच्या दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून १२ व्होल्ट काढणारे मेकॅनिक भेटतात. त्याने एक बॅटरी लवकर मरते, करू देऊ नका.

वायर कोणती?

आरजी-६, एका सलग तुकड्यात, पंधरा मीटर. मध्ये जोड नको. दोन्ही टोकांना दाबून बसवलेले एफ कनेक्टर. खिडकीतून आत घेताना वायर आधी खाली लोंबेल असा वळसा द्या, म्हणजे पाऊस वायरीवरून आत शिरणार नाही. रात्री लोक अडखळतात, म्हणून वायरीवर पांढरे फडके बांधा.

मार्चमध्ये भर उन्हात, ढग नसताना चित्र गेले. बॉक्स बिघडला का?

वेळ पाहा. मार्चच्या मध्यावर आणि पुन्हा ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस सकाळी अकराच्या सुमारास सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो. सूर्याच्या स्वतःच्या लहरींत सिग्नल बुडतो. काही मिनिटांत आपोआप ठीक होते. त्या वेळात छत्री हलवू नका, नाहीतर लागलेले काम बिघडेल.

दोन टीव्ही चालतील का?

दोन तोंडांचा एलएनबी आणि दोन बॉक्स घेतले तर दोन्हीकडे वेगवेगळी चॅनेल लागतात.

मोबाइलवर इंटरनेटने पाहिले तर छत्रीची गरजच काय?

निपाणी, संकेश्वर, बेळगाव या महामार्गाच्या पट्ट्यात खरेच फारशी नाही. प्रसार भारतीचे वेव्हज हे अॅप नोव्हेंबर २०२४ पासून आहे. पण चोर्ला घाटात, भीमगडाच्या जंगलाकडे मोबाइलला रेंज असतेच असे नाही. आणि सौंदत्तीच्या पौर्णिमेला लाखो माणसे एका डोंगरावर जमली की मनोरा उभा असूनही नेट सरकत नाही. छत्रीला गर्दीचा त्रास नाही, तिच्यावर कितीही लोकांनी पाहिले तरी सिग्नल तेवढाच. दोन्ही असावे, पण एकच परवडत असेल तर यात्रेला जाणाऱ्याने छत्री घ्यावी.

यात्रेच्या मैदानात छत्री लावताना काय जपावे?

आग्नेयेला बस किंवा उंच ट्रक लागणार नाही अशी जागा दुपारीच धरा. संध्याकाळी सगळे मैदान भरते. तिपाईच्या पायांवर वाळूची नाहीतर मातीची पोती टाका, आणि भोवती दोरी बांधा, कारण मुले आणि गुरे दोन्ही तिथून जातात. हेस्कॉमच्या (वीज कंपनीच्या) तारांखाली लोखंडी पाइप उभा करू नका, जरी तार उंच वाटली तरी.

एप्रिल-मेच्या वळिवात आकाशात वीज दिसू लागली की टीव्ही नुसता बंद करून थांबू नका. बॉक्सच्या मागची वायर स्क्रू फिरवून सोडा आणि खिडकीबाहेर टाका. छत्री भिजली तर वाळते, पण वायरीतून आत आलेली वीज टीव्हीवर थांबत नाही, गाडीत माणसे झोपलेली असतात.

छत्री गाडीत कशी न्यावी?

दांडा आणि एलएनबी काढून, पत्रा चादरीत गुंडाळून, गादीच्या आणि भिंतीच्या मध्ये उभा. आडवी ठेवून वर पिशव्या रचल्या की पत्रा चेपतो. उंचीचा नट सैल करू नका, मागच्या मुक्कामाचा कोन तसाच राहू द्या. एलएनबीच्या तोंडावरची प्लॅस्टिकची टोपी तडकली असेल तर निघण्याआधी बदला, आत ओल गेली की तो एलएनबी पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यातच जातो. त्यावर पॉलिथीनची पिशवी बांधण्याची पद्धत आहे, ती सोडा. पिशवीत पाणी साचते आणि सिग्नल त्यानेच अडतो. एक जादा एलएनबी आणि चार एफ कनेक्टर डब्यात टाकून ठेवा. खानापूरच्या पुढे घाटात ते रात्री मिळत नाहीत.